सध्या काय वाचताय? (आणि आईला मराठीतून काय वाचून दाखवू?)

अर्धवट_वाचक

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. प्रश्न नेहमीचाच, सध्या काय वाचताय. फॅन्टसी असेल तर उत्तम, नसेल तरी चालेल, पण गोष्ट पाहिजे, म्हणजे पुढे काय झालं पुढे काय झालं असं होत राहिलं पाहिजे. फक्त या वेळी पुस्तक माझ्यासाठी नाहीये.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं पंधरा दिवसांपूर्वी. एक डोळा झालाय, दुसरा पुढच्या महिन्यात. डॉक्टरांनी फार काही पथ्य सांगितलं नाही पण मावशीने सांगितलंय, त्यामुळे टीव्ही बंद, मोबाईल बंद, पेपर बंद, आणि ही बाई काळा गॉगल लावून दिवसभर खिडकीत बसून वैतागलेली. म्हणून रात्री जेवणं झाली की मी तासभर वाचून दाखवतो. मी स्वतः तेव्हा अर्थसी वाचत होतो (अर्सुला ल ग्विनचं, पहिलं पुस्तक १९६८ चं), तर म्हटलं तेच करू, पुस्तक इंग्रजी समोर धरायचं आणि तोंडाने मराठी बोलत जायचं. जमतं. अडखळतो पण जमतं. ड्रॅगनला काय म्हणायचं यावर पहिल्या दिवशी दहा मिनिटं गेली, मी म्हटलं उडणारा अजगर, ती म्हणाली ड्रॅगनच म्हण, आम्ही पण टीव्ही बघतो.

पण खरी मजा पुढे आली. त्या जगात प्रत्येकाला दोन नावं असतात, एक रोज हाक मारायचं आणि एक खरं, आणि खरं नाव ज्याला कळलं त्याची तुमच्यावर सत्ता. मला वाटलं हे समजावून सांगायला लागणार. मी वाक्य संपवायच्या आत आई म्हणाली, "हां, म्हणजे जन्मनाव. पत्रिकेतलं. ते कुणाला सांगायचं नसतंच." मी म्हटलं माझं पण आहे का? म्हणे आहे की. काय आहे? तर म्हणे पुस्तक संपलं की सांगते. मी ३४ वर्षांचा आहे राव.

तर आता शेवटची तीसेक पानं उरलीत आणि पुढे काय घेऊ ते सुचवा. शक्यतो मराठीतलं सांगा, सगळं तोंडी भाषांतर करून माझ्या जिभेला फेस येतोय. मराठीत फॅन्टसी आहे का पण नीट, हा माझा जुना प्रश्न आहे.

कट्ट्यावरचा_ड्रॅगन

आधी मी काय वाचतोय ते. द टेंटेड कप, रॉबर्ट जॅक्सन बेनेटचं. २०२५ चा ह्यूगो मिळालाय त्याला, सायन्स फिक्शन-फॅन्टसीचा मोठा पुरस्कार. फॅन्टसी आहे पण आतून चक्क मर्डर मिस्ट्री. साम्राज्याच्या एका बाजूला समुद्र, आणि दर पावसाळ्यात त्यातून डोंगराएवढे प्राणी बाहेर येतात, त्यांना अडवायला भिंती बांधलेल्या. आणि अशात एका बड्या घराण्याच्या बंगल्यात एक ऑफिसर मरतो, कसा, तर त्याच्या अंगातून झाड उगवतं. आतून फाडून, थेट छतापर्यंत.

पण मी तुम्हाला सुचवतोय ते वेगळ्या कारणासाठी. यातली डिटेक्टिव्ह बाई डोळ्यावर पट्टी बांधून बसते. आंधळी नाहीये, फार काही दिसलं की डोक्यात गर्दी होते म्हणून पट्टी. आणि तिचा असिस्टंट हिंडून सगळं बघून येतो आणि तिला येऊन जसंच्या तसं सांगतो, त्याला एकदा बघितलेलं काही म्हणजे काही विसरता येत नाही. आता तुमच्या घरातलं चित्र आठवा, गॉगल लावून आई आणि समोर बसून सांगणारा तुम्ही. बसतंय की नाही?

इंग्रजीच आहे, माफ करा. जिभेला अजून थोडा फेस.

संत्रानगरी

काय वाचून राहिलो म्हणता? वाट पाहून राहिलो बाप्पा. गेम ऑफ थ्रोन्सवाल्या मार्टिनचं पाचवं पुस्तक २०११, रॉथफसच्या किंगकिलर सिरीजचं दुसरं पण २०११. तेव्हा मी अकरावीत होतो. आता पोरगी पहिलीत आहे माझी. पुढचं पुस्तक दोघांचंही नाही. नवीन कोणी सिरीज चालू करणार असेल तर माझा एकच नियम, शेवटचा भाग छापून दुकानात आला का ते आधी बघा, मग पहिल्याला हात लावा. म्हणून आजकाल ब्रँडन सँडरसन, तो पण फॅन्टसीवालाच. त्या माणसाचं कसं आहे, आपण वाचून होत नाही तर पुढचं तयार.

आईला सँडरसन नका देऊ पण. हजार हजार पानं आहेत, दुसरा डोळा बरा होऊन जाईल अन् तुम्ही प्रस्तावनेतच असाल.

जुनी_पानं

"मराठीत फॅन्टसी आहे का नीट" हा प्रश्न दर सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतं आणि दर वेळी माझा चहा गार होतो.

अहो मराठी कादंबरी वाढली तीच मुळी त्या घरात. हळब्यांची मुक्तामाला १८६१ ची. तेव्हा शब्द होता अद्भुतरम्य, आपण तो विसरलो आणि फॅन्टसी नाही म्हणून रडत बसलो. मग नाथमाधवांची वीरधवल, १९१३. हे नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, शिकारीच्या नादात कड्यावरून पडले, शरीर अधू झालं, आणि त्यानंतर लिहायला लागले. वीरधवल हातात धरली की कळतं की त्या काळच्या लोकांना पान उलटायला लावणं म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. भाषा जुनी आहे, वाक्य कधी कधी अर्ध्या पानाचं, पण मोठ्याने वाचायला इतकी मस्त लागते कारण ती तशी लिहिलेलीच आहे, एकाने वाचायची आणि बाकी घराने ऐकायची. त्यात आई कोणत्या पिढीच्या आहेत माहीत नाही पण विचारून बघा, बहुतेक त्यांनी चोरून वाचली असेल.

मग दुसरं टोक म्हणजे जीए. लोक त्यांना नियती, दुःख वगैरेच्या कपाटात बंद करून ठेवतात. रमलखुणा घ्या, १९७५ चं, दोनच दीर्घकथा, प्रवासी आणि इस्किलार. कुठलं गाव नाही, कुठला काळ नाही, वाळवंट आहे, भविष्य आहे, विधी आहेत, स्वतःचं एक जग आहे. हे लिहिणारा माणूस धारवाडला राहून कॉलेजात इंग्रजी शिकवत होता. मला तर ल ग्विन वाचताना पहिल्यांदा इस्किलारच आठवली होती. फक्त रात्री झोपताना आईला इस्किलार देऊ नका, नंतर झोप लागत नाही, आणि ती भीतीने नाही हे जास्त वाईट.

अंधारातली_मांजर

@जुनी_पानं, सगळं मान्य पण गूढकथावाले धारप कुठे गेले तुमच्या यादीत? मतकरी? दर वेळी सोवळ्यातली यादी.

मी सध्या नारायण धारपच परत वाचतेय, तुंबाड २०२४ मध्ये परत थिएटरला लागला तेव्हापासून सुरू झालंय हे. २०१८ ला आला तेव्हा थिएटर रिकामी होती आणि परत लावल्यावर पहिल्यापेक्षा जास्त गल्ला. त्याची मुळं धारपांच्या आजी या कथेत आहेत. आता कुणीतरी येऊन सांगेल की धारपांनी स्टीफन किंगचं उचललं, हो, धारपांची लुचाई म्हणजे किंगची सेलम्स लॉट, माहितीये. पण व्हॅम्पायरला मराठी गावात आणून बसवायचं आणि तरी वाचणाऱ्याने उठून खिडकीची कडी बघायची, हे नुसत्या भाषांतराने होत नाही.

आणि आजचं कुणी पाहिजे असेल तर हृषीकेश गुप्ते. अंधारवारी, घनगर्द, हाकामारी, आणि दमदार मोठं काही पाहिजे असेल तर दंशकाल. हाकामारी तर तुमच्या आईंना लगेच कळेल कारण आमच्या आजोळी सगळ्यांना माहीत होतं, रात्री बाहेरून नावाने हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. मामा अजून देत नाही. दारात उभं राहून तीनदा ओरडावं लागतं, मग आतून "कोण ए?" बघा, परत नावाचाच मामला.

जुनी_पानं

गूढकथा वेगळी, अद्भुतरम्य वेगळी. धारप मला आवडतात. पण सगळं एका पिशवीत भरू नका.

अंधारातली_मांजर

पिशवी मोठी आहे, मावतं.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत, पोरं मराठी बोलतात पण वाचत नाहीत, त्यामुळे मी पण तुमच्यासारखाच वाचून दाखवणारा, फक्त उलट्या दिशेने. हॅरी पॉटर आणि परीस भारतातून आणलं होतं. मोठीने विचारलं परीस म्हणजे काय, म्हटलं लोखंडाला लावला की सोनं होतं तो दगड, तर म्हणते मग इंग्रजीत एवढं लांबलचक नाव कशाला ठेवलं. उत्तर नव्हतं माझ्याकडे. टोल्किनचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज पण मराठीत आहे बरं का, स्वामी मुद्रिकांचा, नावावर मी फिदा आहे.

पण तुम्हाला सांगायचं होतं ते पिरानेसी. सुझाना क्लार्क, २०२० चं, पुढच्या वर्षी विमेन्स प्राइझ मिळालं. एक माणूस एका घरात राहतो, घर म्हणजे काय, संपतच नाही असं, दालनामागून दालन, सगळीकडे पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र, भरती आली की जिन्यावर पाणी चढतं, वरच्या मजल्यावर ढग. आणि याला ते सगळं पाठ, कुठल्या दालनात कधी पाणी येणार ते वहीत लिहून ठेवतो, मासे पकडतो, पक्ष्यांशी बोलतो, आणि मजेत आहे, हे महत्त्वाचं, मजेत आहे. आपल्यालाच हळूहळू कळायला लागतं की काहीतरी गडबड आहे, त्याला कळायच्या कितीतरी आधी. माझी आई इथे आली होती उन्हाळ्यात, तिला मी असंच मराठी करून सांगितलं, हाऊसला वाडा म्हटलं आणि सगळं एकदम जागेवर बसलं. चौक, दालनं, जिने. त्या घरात दुसरा एकच जिवंत माणूस येतो, तो मंगळवारी आणि शुक्रवारी भेटतो. आई म्हणाली, देवीचे वार बरोबर धरलेत.

पुस्तक छोटं आहे, तुमचं आठ-दहा रात्रींत होईल. मधेच थांबून स्वतः पुढे वाचू नका, मी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आवाजावरून आईने ओळखलं.

कट्ट्यावरचा_ड्रॅगन

पिरानेसीला +१. आणि नवीन, जरा आपल्या बाजूचं पाहिजे असेल तर वज्र चंद्रशेखरचं द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स, श्रीलंकन लेखक, नेब्युला पुरस्कार मिळालाय. पहिल्याच वाक्यात आई नुकत्याच जन्मलेल्या मुलाची सावली पितळी खिळ्याने जमिनीला ठोकते आणि उपटून काढते. पुढे हा मोठा होऊन निवडला न गेलेल्या तारणहारांच्या सपोर्ट ग्रुपला जातो. भारी आहे पण आईला वाचून दाखवायला नको, आईंची फार नाचक्की आहे त्यात.

विज्ञानवेडी_शीला

कुणीच नारळीकर म्हणत नाहीये म्हणून मी म्हणते. २० मे २०२५ ला गेले, त्या आठवड्यात मी यक्षांची देणगी परत काढलं. मोठ्याने वाचायला फार सोपं, एका बैठकीत एक कथा, आणि वाक्यात कुठे जीभ अडकत नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली कथा पाठवली ती नाव बदलून, नारायण विनायक जगताप. स्वतःची अक्षरं उलटी फिरवलेली, ज वि ना चं ना वि ज. आणि पहिलं बक्षीस मिळालं. नावाचा विषय चाललाय म्हणून आठवलं.

अर्धवट_वाचक

सगळ्यांना थँक्स, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

वीरधवलचं नाव काढलं आणि आई गॉगलच्या आतून हसली. सातवीत असताना धान्याच्या कोठीमागे बसून वाचायची म्हणे, आजीने पकडलं, पुस्तक गेलं आणि शेवट राहिला. म्हणजे पन्नासएक वर्षं त्या कादंबरीचा शेवट तिला माहीत नाही. मी दुसऱ्या दिवशी इथल्या एका वाचनालयातून प्रत आणली. पुठ्ठा सुटलेला, दोऱ्याने बांधून दिला त्यांनी. पहिल्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने "अप्रतिम!!" लिहिलंय आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात "शेवट बघा मग बोला". मी शेवट बघितला तर शेवटच नाही. मागची पानं गायब. आईला अजून सांगितलेलं नाही, आम्ही अर्ध्यावर आलोय, रोज वीस-पंचवीस पानं होतात. जुनी_पानं म्हणाले ते खरं आहे, डोळ्यांनी वाचलं तर वाक्य लांब वाटतं, तोंडाने वाचलं की श्वास कुठे घ्यायचा ते त्यातच आहे.

तर कुणाकडे पूर्ण प्रत आहे का? दुकानात विचारलं, सध्या नाही म्हणाले.

झाडवाल्या खुनाची नुसती गोष्ट सांगितली तर तिचा प्रश्न आला, झाड कसलं? वड का पिंपळ? @कट्ट्यावरचा_ड्रॅगन, उत्तर द्या, मी अडकलोय.

आणि हो, अर्थसी मागेच संपलं. तिने माझं जन्मनाव सांगितलं. अर्थातच इथे लिहिणार नाही.

जुनी_पानं

माझ्याकडे आहे, आजोबांची. नाथमाधव १९२८ ला गेले, कॉपीराइट कधीच संपला, त्यामुळे फोटो काढून पाठवायला काही हरकत नाही. तुमच्या प्रतीतलं शेवटचं पान कितवं आहे आणि त्यावरचं शेवटचं वाक्य काय ते लिहा, आवृत्ती वेगळी असेल तर पानं जुळायची नाहीत. उद्या सकाळी उजेडात काढतो, रात्री पिवळे येतात.

कट्ट्यावरचा_ड्रॅगन

वडही नाही, पिंपळही नाही. एक वनस्पती आहे, पण तिकडची, एकदा लागली की थांबत नाही अशी. पुढे विचारलंत तर खुनी सांगावा लागेल.