‘पाच खणी घर’ म्हणजे नेमकं केवढं?

अनुजा: निफाडजवळच्या आमच्या आजोळच्या जुन्या वाटणीपत्रात ‘दगडी घर, पाच खणी, पुढे पडवी, मागे परसू’ असं लिहिलंय. घरात खोल्या तर तीनच आहेत. मामाचं म्हणणं, दोन पडून गेल्या असतील. पण जोतं अखंड आहे, कुठे तुटल्याची खूण नाही. खण म्हणजे खोलीच ना?

दत्ता, सिन्नर: नाही ताई. खण मोजायचा तो मान वर करून. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरात खांबांवर आडव्या तुळया असतात, त्यांवर कड्या, म्हणजे बारीक लाकडं, कड्यांवर पाट आणि त्यावर मातीचा जाड थर. एका तुळईपासून दुसऱ्या तुळईपर्यंत एक खण. टोकाची तुळई आणि भिंत यांमधली जागाही एक खण धरतात. म्हणजे चार तुळया दिसल्या की घर पाच खणी. मग माजघर दोन खणांचं, स्वयंपाकघर दोन खणांचं आणि देवघराला एक खण, अशा तीनच खोल्या असू शकतात. कुणाची भिंत पडलेली नाही.

खण सगळीकडे सारखा भरत नाही. कडी जेवढी लांब मिळाली, तेवढाच खण रुंद. त्यामुळे फुटांत भाषांतर करायला जाऊ नका. वाटण्या मात्र खणांवर सोप्या होत, थोरल्याला तीन, धाकट्याला दोन, आणि तुळईखाली कुडाची आडभिंत घातली की झाली दोन घरं.

मुक्ता: छताचा भार तुळया-खांबांवर असेल, तर घराला दगडी का म्हणायचं? दोन-अडीच फुटांची ती भिंत मग करते काय?

दत्ता, सिन्नर: स्वतःला पेलते, ऊन अडवते, चोर अडवते. चांगला प्रश्न आहे, कारण इथेच लोक फसतात. बाहेरून काळा घडीव दगड दिसतो, आतून दुसरं तोंड, आणि पोटात माती-दगडगोट्यांची भर. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड घातलेले नसले, तर भिंत पोटातून सुटते. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपात हेच झालं. अशा भिंती कोसळून माणसं दगडामातीखाली गेली आणि कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडा मात्र उभाच होता. (तिकडे आपल्या धाब्याला माळवद म्हणतात.)

अनुजाताई, घर दुरुस्तीला काढणार असाल तर एवढं कराच. काही खांब भिंतीत गाडलेले असतात. कोनाडा मोठा करायला म्हणून भिंत फोडताना ते कापू देऊ नका. आणि खांबाखालचा तळखडा काढून तिथे सिमेंट भरू नका. ओल आणि वाळवी लाकडापर्यंत चढू नये म्हणून तो दगड तिथे बसवलेला असतो. खांब-तुळयांचं उत्तम काम बघायचं असेल तर चांदवडचा रंगमहाल बघा.

अनुजा: मामाने मोजल्या. तुळया चार. पण पडवीला दोन खांब सुटे आहेत. तिचे खण त्या पाचांत धरायचे का?

दत्ता, सिन्नर: नाही. कागदात ‘पुढे पडवी’ असं वेगळं लिहिलंय, म्हणजे पाच खण आतल्या घराचेच.