मदत हवी आहे: गाडीला आतून स्प्रेचं इन्सुलेशन मारावं का?

मंडळी, अकोल्याचा उन्हाळा, पारा ४५ च्या पुढे. आमच्या जुन्या व्हॅनचं छत तव्यासारखं तापतं, आणि हायवेला पत्र्याची घरघर एवढी की मागच्या सीटवरचं बोलणं पुढे ऐकू येत नाही.

सीट, मॅट, छताचं अस्तर काढायचंच आहे, तर ब्यूटाइल शीटऐवजी (पत्र्याला चिकटवायची रबरी शीट) वॉटर-बेस्ड डॅम्पिंग कोटिंग, म्हणजे थरथर शोषणारा पाण्यातला लेप, स्प्रे करावं म्हणतोय. शीट खाचाखोचांत नीट बसत नाही. पण डॅम्पिंगने पत्र्याची थरथर कमी होते, उष्णता फारशी नाही. म्हणजे वरून उष्णता अडवायला क्लोज्ड-सेल फोम (बंद छिद्रांचा फोम) लावावाच लागेल ना?

रंगाच्या साध्या गनमधून इतकं दाट मटेरियल जातं का, की अंडरकोटिंगची (गाडीच्या तळाला मारतात तो दाट लेप) गन लागेल? २-३ मिमी थर एकदम मारला तर ओघळणार. दोन हातांच्या मध्ये किती वेळ थांबता? दारांच्या तळाची पाणी जायची भोकं आणि सीटबेल्टचे रोलर टेप लावून झाकणार आहे. आणखी काय झाकू?

गॅरेजवाला आतून डांबराचं अंडरकोटिंगच मारू म्हणतो. बंद गाडीत, उन्हात तो वास? मी तरी नाही म्हटलंय.

कुणी स्वतः केलं असेल तर मे महिन्यातला अनुभव सांगा, जानेवारीतला नको.