स्नोमोबाईलवर कंबर धरते, मदत हवी आहे (शुक्रवारी निघायचंय)

म्हाद्या_मिनेसोटा

नमस्कार मंडळी, पटकन मदत हवी आहे. स्नोमोबाईल चालवली की माझी कंबर धरते. पहिला तासभर काही नाही, मग खाली कंबरेत पट्टा आवळल्यासारखं व्हायला लागतं आणि उतरलो की सरळ उभंच राहता येत नाही, हँडल धरून दोन मिनिटं म्हाताऱ्यासारखा वाकून उभा असतो आणि बरोबरचे तिघे हसतात. शुक्रवारी आम्ही चौघं डुलुथहून ग्रँड मरेला निघतोय, नॉर्थ शोअर ट्रेलने, १४६ मैल, शनिवार तिकडेच, रविवारी परत. हॉटेलचे पैसे भरलेत, परत मिळणार नाहीत, त्यामुळे "जाऊ नका" सोडून काहीही सांगा. बेल्ट घ्यावा की जाड सीट? दोन्ही गुरुवारपर्यंत घरपोच येतंय पण आज रात्रीच ऑर्डर टाकायला हवी. अनुभवी लोकांनीच सांगावं ही विनंती.

निवांत_नाना

मुळात बर्फात कशाला मरायला जायचं म्हणतो मी. आम्ही लोणावळ्याच्या धुक्यात समाधानी आहोत.

खाटखूट

मशीन कुठलं, कुठल्या सालचं, तुमचं वजन किती? हे न सांगता बेल्ट की सीट विचारणं म्हणजे पोटात दुखतंय, कुठली गोळी घेऊ असं झालं.

शंभूराजे_कोथरूड

आम्ही गेल्या वर्षी गुलमर्गला केली स्नोमोबाईल. तिथे चालवणारा पुढे, आपण मागे. मला काहीही त्रास झाला नाही आणि माझं वय ५८ आहे. फक्त भाव आधी ठरवून घ्या, नंतर वाद घालतात.

म्हाद्या_मिनेसोटा

@शंभूराजे धन्यवाद पण मी विकत घेतलेली चालवतो, राईड नाही घेत. @खाटखूट मॉडेलने काय फरक पडतो, दुखतंय तर मला. असो. स्की-डू एमएक्स झेड, २००२ ची. गेल्या उन्हाळ्यात सेकंडहँड घेतली, स्वस्तात मिळाली.

खाटखूट

पडतो ना फरक! २००२ म्हणजे जुनी चेसिस. ह्या गाड्यांवर बूड मागे, पाय पुढे पसरलेले आणि हँडल खाली मांडीपाशी. आरामखुर्चीत बसल्यासारखं वाटतं पण खालून दणका आला की पाय तो घेऊच शकत नाहीत, सगळा थेट मणक्यात. २००३ ला स्की-डूने रेव्ह नावाची नवी चेसिस आणली त्यात माणसाला पुढे सरकवलं, गुडघे कंबरेच्या खाली आले, म्हणजे घोड्यावर बसतात तसं. मग बाकीच्या कंपन्यापण हळूहळू त्याच वाटेने गेल्या. तुमची गाडी त्याच्या बरोब्बर एक वर्ष आधीची आहे. स्वस्त का मिळाली कळलं का :)

बर्फाळ_बंड्या

सीट-बीट काही नको. किडनी बेल्ट घ्या. मी सहा वर्षं वापरतोय, रुंद इलॅस्टिकचा, जॅकेटच्या आत. घट्ट आवळायचा. त्याच्याशिवाय मी ट्रेलरवरून मशीन उतरवतसुद्धा नाही. विषय संपला.

खाटखूट

विषय संपला कसा? बेल्टने दणका कमी होतो का? दणका तेवढाच येतो, फक्त तुम्हाला बांधून ठेवलेलं असतं. आधी सस्पेन्शन बघा. म्हाद्याशेठ वजन अजून सांगितलं नाहीत.

बर्फाळ_बंड्या

मला फरक पडलाय म्हणून सांगतोय. तुम्ही थिअरी सांगा.

सुमनकाकू

अरे बाळा, ओवा आणि जाडं मीठ तव्यावर परतून फडक्यात पुरचुंडी बांध आणि झोपताना शेक घे. आधी महानारायण तेल कोमट करून चोळून घे. तिकडे इंडियन ग्रोसरीत ओवा मिळतो, तेल मात्र बघावं लागेल. आमच्या ह्यांना एसटीत वीस वर्षं ड्रायव्हरकी करून कंबरेचा त्रास होता, ह्याच्यावरच निभावलं. आणि गार फरशीवर बसू नकोस.

हाडवैद्य_नव्हे

मी फिजिओथेरपिस्ट आहे (नाशिक). काकूंचा शेक चालेल, स्नायू सैल होतात. पण मला आधी हे सांगा: दुखणं फक्त कंबरेत की खाली पायात उतरतं? गुडघ्याच्या खाली मुंग्या, बधिरपणा? खोकलं-शिंकलं की कळ येते का? चवडा उचलताना पाऊल लुळं वाटतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, जांघेत किंवा बसायच्या जागेला बधिरपणा, लघवी-संडासवर ताबा नसणं असं काही? हे शेवटचं असेल तर इथे धागा नाही काढायचा, त्याच क्षणी इमर्जन्सीत जायचं. दुखणं नेमकं कधी सुरू झालं तेही सांगा.

म्हाद्या_मिनेसोटा

नाही नाही, तसलं काही नाही. फक्त कंबर, उजवीकडे जरा जास्त. पायात नाही. ह्याच सीझनला सुरू झालं. वजन ६४ किलो (मध्ये वजनाचं काय आलं?). सीटची ऑर्डर टाकू का मग?

खाटखूट

६४!! आणि आधीचा मालक केवढा होता?

म्हाद्या_मिनेसोटा

चांगला आडवा, सव्वाशेच्या पुढे असेल. त्याची बायको पण अधूनमधून मागे बसायची म्हणाला. का?

खाटखूट

का म्हणजे? अहो मागचं सस्पेन्शन त्याच्यासाठी ताणून ठेवलेलं असणार! तुम्ही बैलगाडीवर बसलायत. आत्ता गॅरेजमध्ये जा आणि हे करा, पैसे लागत नाहीत. मागचा बंपर धरून (दोघं मिळून, गुडघ्यातून वाकून) गाडी एवढी उचला की सस्पेन्शन पूर्ण मोकळं लटकेल, मग बंपरपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. नंतर हेल्मेट बूट सगळं घालून नेहमीसारखे बसा आणि दुसऱ्याला परत मोजायला सांगा. दोन्हीतला फरक ५० ते ७५ मिलिमीटर हवा, स्की-डूच्या पुस्तकात तेच दिलंय. ५० च्या आत आला तर तुमच्यासाठी कडक. मग मागच्या टॉर्शन स्प्रिंगच्या टोकाला जे प्लॅस्टिकचे कॅम असतात ते खालच्या खाचेवर घ्या, दोन्ही बाजूंना सारखे. टूलकिटमधला पानाच वापरा, स्प्रिंग ताणात असते, बोट मध्ये आलं तर कंबर विसराल. पुढे जो पट्टा दिसेल, लिमिटर स्ट्रॅप, त्याला हात लावू नका, त्याने स्टिअरिंग बदलतं.

लेक_सुपिरियर_काठी

खाटखूटना अनुमोदन, पण एक मुद्दा सगळे विसरताय. बसून चालवताय का? मिशिगनमध्ये हौटनला शिकायला होतो तेव्हा कॉपर हार्बरपर्यंत दर वीकेंडला जायचो, युपीमध्ये (अपर पेनिन्सुला, उत्तर प्रदेश नव्हे) लेक इफेक्टचा, म्हणजे तळ्यावरच्या वाफेचा, बर्फ मजबूत पडतो तरी शनिवारी दुपारनंतर ट्रेलची चाळण झालेली असायची. मोगलच मोगल, म्हणजे बर्फाचे उंचवटे. तिथे बसून राहिलात की सस्पेन्शन सोन्याचं असलं तरी मेलात. दणका दिसला की पाय फूटबोर्डवर दाबून बूड सीटपासून चार बोटं वर घ्यायचं, गुडघे वाकलेले, कंबर ताठ न ठेवता कुल्ल्यातून पुढे झुकायचं. मांड्या भरून येतात पण कंबर वाचते. आणि सकाळी लवकर निघा. ग्रूमर (ट्रेल सपाट करणारं मशीन) रात्री फिरतो, बर्फ रात्रभर थंडीत बसतो, सकाळी रस्ता गालिचासारखा. दहाला उठून बारमधला ब्रेकफास्ट करून निघणाऱ्यांच्याच कंबरा जातात हे माझं निरीक्षण आहे.

वात्रट_वामन

मोगल आले की घोड्यावरून उठून उभं राहायचं आणि पहाटेच निघून जायचं. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात पण हेच होतं.

शंभूराजे_कोथरूड

वा वा वामनराव! बाकी ह्या न्यायाने सिंहगड रोडवर रोज स्कूटर चालवणाऱ्याला स्नोमोबाईल म्हणजे किस झाड की पत्ती.

निवांत_नाना

रस्त्यावरून आठवलं, आमच्या इकडे पेव्हर ब्लॉक पुन्हा उखडलेत. तिसऱ्यांदा. कंत्राटदार तोच.

ईगनकर

अवांतर: सेफ्टी सर्टिफिकेट आहे ना? मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्यांना लागतं. आणि वेगमर्यादा ताशी ५० मैल.

म्हाद्या_मिनेसोटा

आहे हो सर्टिफिकेट. कंबरेबद्दल बोला प्लीज. बसूनच चालवतो, सीट आहे ना त्याला! उभं राहिलं तर हँडल एवढं खाली येतं की ओणवं व्हावं लागतं, त्याने अजून दुखतं. मग हँडल रायझर (हँडल उंच करायचा तुकडा) घेऊ का? चार इंचाचा दिसतोय.

बर्फाळ_बंड्या

घ्या. आणि बेल्टपण घ्या.

खाटखूट

थांबा थांबा. रायझर चांगलाच आहे, पण चार इंच वर नेलंत तर थ्रॉटलची केबल आणि ब्रेकचा होज पुरला पाहिजे. ताणला गेला तर हँडल पूर्ण वळवल्यावर थ्रॉटल आपोआप ओढला जातो. झाडात जायचं आहे का? दोन इंचाचा बघा, बसवल्यावर इंजिन बंद ठेवून हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा आणि अंगठा सोडल्यावर थ्रॉटल टपकन परत येतो का ते दहा वेळा बघा. गुरुवारी रात्री घाईत बसवून शुक्रवारी पहाटे १४६ मैल? मी नाही करणार.

हाडवैद्य_नव्हे

माझा शेवटचा प्रश्न तुम्ही टाळलात. ह्या सीझनला सुरू झालं म्हणजे पहिल्या राईडपासून, की मध्ये काही झालं? "उजवीकडे जरा जास्त" हे मला नुसत्या दणक्याचं वाटत नाही.

म्हाद्या_मिनेसोटा

हां, आता विचारताय तर, डिसेंबरच्या शेवटी एका तळ्यावर स्लशमध्ये अडकलो होतो. वरून छान बर्फ दिसत होता, खाली पाणी, गाडी मागून बसली. बाकीचे पुढे निघून गेलेले म्हणून मीच मागून बंपर धरून उपसून बाजूला फिरवली, दोन-तीन वेळा. त्या रात्री उसण भरल्यासारखं झालं होतं, दोन दिवस कूस बदलता येत नव्हती. पण ती गेली ना मग.

खाटखूट

🤦 दोनशे किलोच्या वर मशीन, वर ओल्या बर्फाचं ओझं, आणि एकट्याने पीळ देऊन उचलली. हे पहिल्या पोस्टमध्ये नको होतं सांगायला?

हाडवैद्य_नव्हे

गेली नाहीये ती. वाकून उचलणं अधिक कंबरेतून वळणं, थंडीत आखडलेल्या स्नायूंनी, ह्यापेक्षा वाईट कॉम्बिनेशन नाही. त्यावर दर वीकेंडला दणके, भरून यायला वेळच दिला नाहीत. पायात लक्षणं नाहीत ही चांगली गोष्ट आहे, एवढ्यावर लगेच एमआरआयच्या मागे लागू नका, काहीच दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही गादी सरकलेली दिसते आणि माणूस उगाच घाबरतो. पण उद्या-परवा तिथल्या फिजिओला प्रत्यक्ष दाखवा, मी इथून हात लावून बघू शकत नाही. तोवर झोपून राहू नका, चाला. सकाळ-संध्याकाळ पालथं झोपून कोपरांवर वर या, भुजंगासनाच्या अर्ध्यापर्यंत, कळ पायाकडे सरकली तर तिथेच थांबा. पेनकिलर घेऊन गाडीवर बसणार असाल तर सांगते, ती गोळी दुखणं झाकते, इजा नाही. बंड्या, बेल्ट ह्या एका ट्रिपला घातला तर माझी हरकत नाही, पण सहा वर्षं रोज म्हणजे तुमचे पोटाचे स्नायू सुट्टीवर गेलेत.

बर्फाळ_बंड्या

माझ्या पोटावर घसरायचं कारण नाही.

लेक_सुपिरियर_काठी

पुन्हा अडकलात तर: मागून उचलायचं नाही. थ्रॉटल मारत बसायचं नाही, गाडीखालचा फिरता पट्टा (ट्रॅक) खाली खणत जातो. फूटबोर्डखालचा बर्फ फावड्याने मोकळा करा, पुढे दोन गाड्यांच्या लांबीएवढी वाट पायाने तुडवून घट्ट करा, मग एकाने हलका थ्रॉटल आणि दुसऱ्याने पुढून बाजूला उभं राहून स्कीला दोर बांधून ओढायचं. खोल बर्फात असाल तर गाडी कुशीवर कलंडवून पट्ट्याखालचा खड्डा भरायचा आणि परत सरळ करायची. पट्ट्याच्या मागे कोणी उभं राहू नये. आणि मित्रांना सांगा की मागचा दिसेनासा झाला की थांबायचं असतं, हा ट्रेलचा साधा नियम आहे, हसत काय बसतात.

सुमनकाकू

उसण आहे म्हणालास म्हणून सांगते, आमच्याकडे पायाळू माणसाकडून पाठीत हलकी लाथ मारून घेतात. जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो पायाळू. माझ्या सासूबाईंची उसण अशीच उतरलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

हाडवैद्य_नव्हे

काकू नको!!

वात्रट_वामन

तिकडे सगळे सिझेरियनचे, पायाळू मिळणार कुठून.

म्हाद्या_मिनेसोटा

अपडेट. काल रात्री बायकोला गॅरेजमध्ये टेप घेऊन उभं केलं. फरक आला १८ मिलिमीटर!! कॅम सगळ्यात वरच्या खाचेवर होते. खाटखूट, तुम्हाला एक मिसळ माझ्याकडून. सगळ्यात खाली घेतल्यावर ५५ आला, नुसतं बसल्यावरच गाडी श्वास घेतल्यासारखी खाली जाते. आज फिजिओकडेपण जाऊन आलो. स्नायूच म्हणाली, पण लागोपाठ दोन दिवस लांबचं नको असं स्पष्ट सांगितलं. मग असं ठरवलंय: बायको ट्रक आणि ट्रेलर घेऊन हायवे ६१ ने येणार, मी शुक्रवारी सकाळी फिनलंडपर्यंतच चालवणार (देश नव्हे, ट्रेलजवळचं गाव आहे), अर्ध्या-अर्ध्या तासाने उतरून चालायचं. तिथे कंबर बोलली तर गाडी ट्रेलरवर आणि मी हीटरसमोर. रविवारचं रविवारी. रायझर आणि सीट काहीच मागवलं नाही. बेल्ट मागवला, बंड्या खूश व्हा.

आणि हो, आईला बायकोने सगळं सांगितलं. साताऱ्याहून फोन आला होता, तिकडे कोणी पायाळू आहे का चौकशी कर म्हणून. काकू, तुमचं आणि तिचं आधीच बोलणं झालंय का?

बर्फाळ_बंड्या

शेवटी बेल्टच.

खाटखूट

शेवटी १८ मिलिमीटर. आणि परत आल्यावर ते कॅम किती मैलांनंतर कसे वाटले ते लिहा, दणक्यात पार तळाला आपटत असेल तर एक खाच वर घ्यावी लागेल.

ईगनकर

मी पायाळू आहे. गुरुवारी सहानंतर मोकळा आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.