खायचं नसेल तरी साळिंदर मारायचं?

रानवाट:
उत्तर अमेरिकेत कुत्री घेऊन शिकारीला जाणारे बरेच जण साळिंदर दिसलं की गोळी घालतात. मांस कुणी खात नाही, धूड तिथंच टाकून पुढे निघतात. ‘कुत्र्यांना त्रास नको’ एवढंच कारण. खायचं नाही ते मारायचं नाही, हा नियम इथे मोडण्यासारखं खरंच काही आहे का?

पानगळ:
कुत्र्यांसाठी म्हणून मारून टाकून जाणं तर उलटंच काम आहे. साळिंदर काटे फेकत नाही, पाठलागही करत नाही. पाठ फिरवतं आणि शेपूट झोडतं. मेल्यावरही काटे तेच. अंगावर सुमारे ३०,००० काटे, आणि टोकाच्या चार मिलिमीटरमध्येच ७००-८०० उलटे आकडे. वास काढत आलेलं पुढचं कुत्रं त्याच धुडात तोंड खुपसतं. त्यापेक्षा हाकेसरशी मागे फिरायला शिकवा. एकदा काटे लागले की कुत्रं शहाणं होतं, या भरवशावर राहू नका. कित्येक कुत्री चिडून पुन्हा जातात.

जुनी पक्कड:
काटे लागलेच तर आधी कुत्र्याचे पुढचे पाय धरा, नाहीतर ते पंज्याने काटे मोडून आत घालवतं. काटा कापला की हवा जाऊन सैल होतो म्हणतात, ते खोटं. कापल्यावर तो फाटतो आणि धरायला काही उरत नाही. पकडीने कातडीलगत धरून घुसला त्याच रेषेत सरळ ओढा, पिळू नका. दोन-चार असतील तरच हे घरी. तोंडात, डोळ्याजवळ, छातीत किंवा सांध्यात असतील तर थेट जनावरांच्या डॉक्टरकडे, भूल देऊनच काढतात. आत राहिलेला तुकडा स्नायूंच्या हालचालीने पुढे सरकतो, फुप्फुसापर्यंतही पोचतो.

ओंडका:
कुत्र्यांचं पटलं, पण झाडांचं काय? हिवाळ्यात खोडाची साल सोलून आतला थर खातं. सालीचं कडं पूर्ण गेलं की त्यावरचं झाड वाळतं. शिवाय मिठाची हाव: घामट कुऱ्हाडीचे दांडे, प्लायवूड, गाडीचे ब्रेकचे होसपाइप, काहीही कुरतडतं.

पानगळ:
@ओंडका, तुमच्या झाडाला लागलेलं एखादं मारणं वेगळं, दिसेल ते मारणं वेगळं. मादीला वर्षाला एकच पिल्लू, तेही सुमारे सात महिने पोटात वाढवून. संख्या भरून यायला वेळ लागतो. नेमकं झाड वाचवायचं तर खोडाभोवती गुळगुळीत पत्र्याचा दोन-अडीच फूट रुंद पट्टा, बर्फ साचतो त्या उंचीच्या वर. बर्फाखाली गेला तर लावून उपयोग शून्य. गाडीचं म्हणाल तर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, बुगाबूच्या डोंगरांत चढाईला जाणारे गिर्यारोहक गाडीभोवती कोंबड्यांची जाळी गुंडाळून जातात, तळाशी दगड ठेवून.

जुनी पक्कड:
आणि मारलंच तर खा की! पोटावर काटे नसतात, सोलायला तिथून सुरुवात करा, आतली चरबी सगळी काढा.