अनुभव धागा: ठरवलं काय, रस्त्यानं दाखवलं काय

मंडळी, या धाग्याला एकच अट आहे. पोचल्यानंतरच्या गोष्टी नकोत. हॉटेलातलं ताट, देवळातली रांग, किनाऱ्यावरचा सूर्यास्त यांना दुसरीकडे भरपूर जागा आहे. इथे फक्त रस्ता. घरातून काय ठरवून निघालात आणि वाटेत काय झालं, एवढंच सांगा. नावं नकोत, गाव आणि गाडी लिहा.

पहिला नंबर माझा.

पुणे, जुनी स्विफ्ट

माझ्या वेडाला बायको 'दगड वाचणं' म्हणते. मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं तर राज्य महामार्ग, नारिंगी तर गावाकडचा रस्ता. हे लहानपणी वडिलांनी शिकवलं आणि ते डोक्यातून गेलंच नाही. मग २०१० मध्ये सगळे क्रमांक बदलले. आमचा मुंबई-गोव्याचा सतरा नंबर ६६ झाला, पुणे-बंगळूरचा चार नंबर ४८ झाला. आधी चीड आली, पण नव्या पद्धतीतली गंमत कळल्यावर नकाशा घेऊन बसलो तो बसलोच. सम आकडे उत्तर-दक्षिण, विषम आकडे पूर्व-पश्चिम. तीन आकडी रस्ता ही फांदी, आणि तिचे शेवटचे दोन आकडे खोडाचं नाव सांगतात. रत्नागिरी-कोल्हापूर १६६ आहे, म्हणजे ६६ चं लेकरू. तळेरे-गगनबावडा-कोल्हापूर १६६ जी, तेही त्याच घरातलं.

तर बेत असा होता: पहाटे पाचला पुणे, कराडवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, ६६ ने दक्षिणेला हातखंबा, तिथून १६६ ने आंबा घाट चढून कोल्हापूर आणि ४८ ने परत. साधारण सातशे किलोमीटर, एका दिवसात. सोबत वही, हातखंब्यापासूनचा प्रत्येक पिवळा दगड टिपायचा म्हणून.

झालं असं की चौपदरीकरण जोरात होतं. साखरप्याच्या अलीकडे दगड होते, पण उपटून एका शेताच्या बांधावर रचून ठेवलेले. सात-आठ दगड, सगळ्यांवर कोल्हापूर, प्रत्येकावर वेगळं अंतर. मी उतरून तेच वहीत लिहून घेतले. रस्त्याच्या कामावरचा एक पोरगा बघत होता. म्हणाला, "साहेब, मोजणीवाले का?" अंधार पडेपर्यंत आंबा घाटच गाठला होता, मलकापुरात मुक्काम करावा लागला. सातशे किलोमीटरचा हिशोब नकाशावर करायचा असतो, कामं चालू असलेल्या रस्त्यावर नाही.

डोंबिवली, वॅगन आर

गणपतीला गावी जाणाऱ्यांना 'रोड ट्रिप' हा शब्द ऐकून हसू येतं. आमची ती वारी. तरी नियोजन म्हणाल तर लग्नाच्या वर. चतुर्थीच्या आधी किती दिवस निघायचं, टोलमाफीचा पास कुणी आणायचा, माणगावला अडकलो तर आत कुठून वळायचं, आणि सगळ्यात मोठा वाद: पनवेलवरून सरळ ६६, की पुणे-कोल्हापूरचा वळसा घालून घाट उतरायचा? वळशाला इंधन जास्त जातं, पण गाडी पळत राहते. माझे वडील मात्र म्हणतात, कोकणात कोकणातूनच जायचं.

२०२३ ला त्यांचं ऐकलं. रात्री एकला निघालो. वडखळ, कोलाड, माणगाव... त्याबद्दल काही लिहीत नाही, ज्यांनी सोसलंय त्यांना माहीत आहे. महाडला सावित्रीचा पूल आला की गाडीत आपोआप सगळे गप्प होतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या गाड्या घेऊन गेला. नवीन पूल वर्षाच्या आत उभा राहिला, पण वडील अजून तिथे हात जोडतात.

त्या वर्षी कशेडीचा बोगदा गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या छोट्या गाड्यांना नुकताच उघडला होता. पोलादपूर सोडलं आणि समोर ते तोंड. इतकी वर्षं कशेडी म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाची वळणं, आईची उलटी, लिंबू, बडीशेप. आता गाणं संपायच्या आत पलीकडे. आई टाळ्या वाजवत होती. वडील खट्टू. "घाट न चढता रत्नागिरी जिल्हा लागला, हे काही पटत नाही," म्हणाले. परतताना बोगदा आमच्या बाजूला नव्हताच, जुन्याच घाटाने आलो. आईला उलटी झाली. वडील खूश.

नागपूर, डिझेल एसयूव्ही

आमच्याकडे रस्त्यांची हौस मोठी, कारण अंतरंच मोठी. समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि महिन्याभरात आम्ही निघालो. ५२० किलोमीटर, वेगमर्यादा १२०. मी कागदावर पाच तास लिहिले. सुरुवातीच्या त्या महिन्यांत वाटेत खाण्यापिण्याची सोय जवळजवळ नव्हतीच, म्हणून पराठे, लोणचं, थर्मास बरोबर घेतले होते. इथवर सगळं शहाण्यासारखं.

कारंजा गेलं आणि मला कळलं की मागची दहा मिनिटं मला आठवतच नाहीत. झोप नव्हती, डोळे उघडे होते, स्टिअरिंग सरळ होतं. सिग्नल नाही, गाव नाही, म्हैस नाही, समोर फक्त पांढरं काँक्रीट. अशा वेळी मेंदू आपला आपण बंद होतो. बायकोने ओळखलं आणि शिक्षा दिली: कडेचे किलोमीटरचे आकडे मोठ्याने वाच. बातम्यांत ज्याला 'चॅनेल नंबर' म्हणतात तेच ते चेनेज, नागपूरपासून शून्याने सुरू होणारे. दोनशे बारा, दोनशे तेरा. स्विफ्टवाले, तुमचं दगड वाचणं आमच्याकडे औषध म्हणून चालतं.

मेहकरच्या आसपास थांबलो तर मागच्या डाव्या टायरला बाजूने फुगवटा. दोष पूर्ण माझा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या टायरवर १४१५ होतं, म्हणजे २०१५ चा चौदावा आठवडा. नक्षी शाबूत होती म्हणून आठ वर्षं ढकलले. गावात साठ-सत्तरने चालणारं रबर काँक्रीटवर तासन्‌तास एकशेवीसने तापलं की त्याचं वय बाहेर येतं. स्टेपनी लावली आणि शिर्डीपर्यंत ऐंशीने गेलो. पाचाचे साडेआठ तास.

तेव्हापासून निघण्याआधी, गाडी थंड असताना हवा बघतो. आणि ज्यांनी वार्षिक फास्टॅग पास (२०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला) काढलाय त्यांनी लक्षात ठेवा, तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. समृद्धीवर आणि मुंबई-पुणे द्रुतगतीवर नेहमीसारखेच पैसे कापले जातात.

सातारा जिल्हा, लाल परी (निवृत्त)

सासरे सांगतायत, मी टाइप करतेय. ते एसटीत चालक होते, कराड-चिपळूण मार्गावर बरीच वर्षं. त्यांच्याच शब्दांत:

"पोरांनो, तुमचं वाचून हसू येतंय. एकशेवीसनं गाडी कुणीबी पळवील. कुंभार्लीत जुलैच्या धुक्यात उतरून दावा. पुढचा बंपर दिसत नसायचा. कंडक्टर उतरून बॅटरी घेऊन कडंकडंनं चालायचा, मी त्याच्या मागं. गाडीतली माणसं झोपलेली.

घाटाचा कायदा सोपा हाय. ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात ती आजकालची ट्रकवाली. मग सारखा ब्रेक दाबायचा, लायनर तापायचं, आन् खाली गेल्यावर पाय दाबला तरी गाडी ऐकत नाय. पुण्यात नवले पुलाच्या उताराला जे अपघात होत्यात ते ह्येच. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्यानं थांबायचं. हे आता कुणी पाळत नाय. वर येणारा थांबला की परत उचलायला त्याला किती जड जातं, ते त्यालाच ठावं.

आमच्या येळंला खंबाटकीला साताऱ्याकडं जाताना घाट, येताना बोगदा. बोगद्यातनं बाहेर पडलं की उतार आन् वळण एकदमच. तिथं गाडी आधीच हातात घ्यायची, वळणात शिरल्यावर न्हाई.

बोरघाटात शिंग्रोबाला नाणं टाकल्याबिगर मी कधी गेलो न्हाई. इंग्रजांना घाटाची वाट त्या धनगरानं दावली म्हणतात. नव्या रस्त्यानं जाणाऱ्यांना त्याचं देऊळ लागतच न्हाई. मग नाणं कुणाला टाकणार, टोलनाक्याला?"

टोलवर त्यांचं आणखी बरंच होतं, ते मी गाळलंय.

रत्नागिरी, १५० सीसी

मी मुलगी, एकटी, बाईकवर. द्रुतगतीवर आम्हाला बंदी, समृद्धीवर बंदी, म्हणून आम्ही समुद्राच्या बाजूने जातो. आणि खरं सांगायचं तर बरंच झालं.

बेत मुंबईहून घरी जाण्याचा, पण चाक शक्य तितकं खाडीजवळ ठेवून. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने बाईक नेली. पुढे मुरुड, आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट. श्रीवर्धनवरून बागमांडल्याला, तिथून वेश्वीला फेरीबोट. हर्णै, दापोली, दाभोळ ते धोपावे फेरीबोट. गुहागर, तवसाळ ते जयगड फेरीबोट. मांडव्याची धरून पाच बोटी.

वाटेत एक गोष्ट लक्षात आली ती नकाशा घेऊन घरी बसून कधी कळली नसती. वॅगन आरवाल्यांनी महाडला जी सावित्री ओलांडली, तीच मी बागमांडल्याला ओलांडली. चिपळूणची वाशिष्ठी मला दाभोळला भेटली, संगमेश्वरची शास्त्री जयगडला. महामार्गावर या नद्या म्हणजे पुलाच्या कठड्यापलीकडचं अर्ध्या मिनिटाचं पाणी. खाली मुखाशी त्याच इतक्या रुंद की बाईक स्टँडला लावून, हेल्मेट काढून, मासे घेऊन निघालेल्या मावशीशी पूर्ण गप्पा होतात. (मावशींनी माझं लग्न का झालं नाही हे दोन खाड्यांमध्ये विचारून घेतलं.)

चूक कुठे झाली? अंतर मोजलं, बोटीची वेळ नाही. दापोलीत पंक्चर काढण्यात तास गेला आणि दाभोळला शेवटची फेरी डोळ्यांसमोर सुटली. समोर धोपाव्याचे दिवे दिसतायत, पोहून जाता येईल इतके जवळ, आणि रस्त्याने जायचं तर चिपळूणला वळसा. गेले नाही. धक्क्याजवळच्या एका घरात काकूंनी झोपायला जागा दिली. तेव्हा या किनाऱ्यावर नियोजन उलटं करा: आधी शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर फोन करून विचारा, मग मागे मागे मोजत निघायची वेळ काढा.

एडिसन, न्यू जर्सी, भाड्याची सेडान

मूळचा मिरजेचा. पहिल्याच पोस्टीत क्रमांकांचं वाचून राहवलं नाही. इथल्या इंटरस्टेटला सम आकडे पूर्व-पश्चिम, विषम आकडे उत्तर-दक्षिण, म्हणजे आपल्या बरोबर उलट. इथे उभ्या रस्त्यांचे आकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढतात, आपल्याकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे. चार वर्षांनी सुट्टीवर आलो तेव्हा ४८ हा आकडा बघून हा आडवा रस्ता असणार असं मी छातीठोकपणे सांगितलं. मेहुणे अजून चिडवतात.

आय-८० इथे न्यू जर्सीत टीनेकला सुरू होतो आणि सॅन फ्रान्सिस्कोला संपतो. पाच दिवसांत केला. नेब्रास्कात नागपूरकरांसारखीच अवस्था झाली, पण वाचायला एक्झिटचे आकडे होते, जे इथे बहुतेक ठिकाणी मैलांचेच असतात. युटामध्ये मिठाच्या पठारावर रस्ता इतका सरळ की बायकोने विचारलं, "स्टिअरिंग कशाला दिलंय?"

सोलापूर, मागची सीट

एकाही माणसाने (हो, माणसानेच) लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. बाथरूम. तुमचं नियोजन टायर आणि टोलचं, आमचं निघण्याच्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी पिण्याचं. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर मी तहानलेली करायचे, आणि घरी आल्यावर डोकं धरून बसायचे. आता माझी वेगळी यादी आहे. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, कुठल्या पंपाचं स्वच्छ, कुठे कडी लागते, कुठे किल्ली मागावी लागते. पंपावर गाडी थांबली की पुरुष डिझेलचा भाव बघतात, मी आत जाऊन परत येते आणि वहीत खूण करते. स्विफ्टवाले दादा दगड टिपतात, मी हे टिपते. नणंदेच्या गाडीत त्याची झेरॉक्स आहे. एकदा एका धाब्यावर 'फक्त जेवणाऱ्यांसाठी' असा बोर्ड होता. वीस रुपयांचं ताक मागवलं आणि जेवणारी झाले.

कोल्हापूर, ओमनी

थोडक्यात लिहितो. २०२४ ला मालवणला निघालो, करूळ घाटाने उतरायचं म्हणून. गगनबावड्यात कळलं की काँक्रीटच्या कामासाठी करूळ बंद, भुईबावड्याने जा. फलक खूप आधी लावलेला होता म्हणे, पण मी जीपीएसकडे बघत होतो. भुईबावडा अरुंद, समोरून ट्रक, आमची ओमनी, पोरं मागे ओरडतायत. सातारच्या काकांचा कायदा मी मोडला. उतरणारा मी होतो, थांबायला हवं होतं, पुढे घुसवली. ट्रकवाल्याने आरसा दुमडला, माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

चिपळूण, नवीन आय-टेन

काकांना विचारा ना. लायसन्स सहा महिन्यांचं आहे, रविवारी पहिल्यांदाच कुंभार्लीने कराडला जायचंय, बाबा शेजारी बसणार. कुठे कुठे थांबू?

सातारा जिल्हा, लाल परी (निवृत्त)

सासरे म्हणतायत: "पोफळीत चहा पी. तिथनं दुसरा गिअर टाक. मागनं कितीबी हॉर्न वाजूंदे, बाबा कायबी बोलूंदे, हेळवाकपर्यंत घाई करू नगंस. हेळवाकला दुसरा चहा पी, बाबाला तूच पाज."