गुडघा बदलल्यावर पाय सरळ होत नाही

प्रश्न: आईचा उजवा गुडघा बदलून तीन आठवडे झाले. वाकतो, पण सरळ होत नाही. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात फिजिओथेरपी सुरू करतोय. घरी काय करून घ्यावं?

उत्तर: आधी गुडघ्याखालची उशी काढा. तिनं बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, पोटरी अधांतरी राहू दे. मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, 5 सेकंद धरायचा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा.

उत्तर: वॉकरची उंचीही बघा. हात सरळ सोडल्यावर वॉकरची मूठ मनगटाशी यावी. जिना चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा.

उत्तर: वरचं बरोबर आहे. पण पोटरी सुजून दुखत असेल तर चोळू नका, रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.