एएनए पॉझिटिव्ह = ल्युपस? थांबा जरा
वर कुणीतरी लिहिलंय की एएनए (पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणजे ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) पक्का. उलटं म्हटलं तर बऱ्यापैकी खरं आहे: ल्युपस असलेल्या जवळजवळ सगळ्यांची एएनए पॉझिटिव्ह येते. म्हणूनच ल्युपसच्या २०१९ च्या निकषांत १:८० (सीरम ८० पट पातळ करूनही पॉझिटिव्ह; दुसरा आकडा जितका मोठा तितकी प्रतिपिंडं जास्त) हा फक्त उंबरठा आहे, पुढचे गुण लक्षणांवर आणि इतर तपासण्यांवर मिळतात. पण १९९७ च्या एका अभ्यासात धडधाकट माणसांपैकी साधारण १३ टक्के लोक १:८० ला पॉझिटिव्ह होते, १:४० ला तर ३० टक्क्यांच्या वर!

धाग्यात कुणी पॅटर्नबद्दल, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा चमकतात त्याबद्दल, बोललेलं दिसत नाही. माझ्या वहिनीचा रिपोर्ट १:३२० आला तेव्हा घरात रडारड झाली. डॉक्टरीणबाईंनी आकड्याखालची बारीक ओळ वाचली: ‘डेन्स फाइन स्पेकल्ड’, म्हणजे दाट बारीक ठिपके. हा पॅटर्न एकटाच असेल, म्हणजे डीएसडीएनए, स्मिथ वगैरे ल्युपसशी जास्त जोडलेल्या प्रतिपिंडांच्या तपासण्या निगेटिव्ह, तर तो बहुतेकदा निरोगी माणसांतच दिसतो. त्यांनी लघवीतलं प्रोटीन तपासलं, बोटांचे सांधे दाबून पाहिले, तोंड येतं का, उन्हात चट्टे उठतात का विचारलं. काहीच नव्हतं. थायरॉइड मात्र बिघडलेला निघाला, थकवा त्याचाच.

आणि हो, दर तीन महिन्यांनी एएनए करायचा सल्ला कुणी दिलाय तो सोडून द्या. आजार वाढला की कमी झाला ते या आकड्यावरून कळत नाही. ल्युपस असलाच तर त्यासाठी डीएसडीएनए, सी३-सी४ (रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं) आणि लघवी बघतात. फुकट पैसे कशाला घालवायचे?